बियाण्यालाही घर लागते

चळवळीच्या शिबिरांत आपण कशावर बोलतो? आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार प्रतिबंधक कायदा, खासगीकरण, संविधान, गायरान जमीन. हे सगळे प्रश्न जीवनमरणाचेच आहेत. पण गेल्या दहा-बारा वर्षांत इंदापूर-बारामती पट्ट्यात आम्ही जेवढी शिबिरे पाहिली, त्यांत बियाण्यावर एकही सत्र ऐकले नाही. बियाणे हा कृषी खात्याचा विषय, शेतकरी संघटनांचा विषय, बागायतदारांचा विषय, असे जणू ठरून गेले आहे. जमीन मागणाऱ्या चळवळीत त्या जमिनीत काय पेरायचे आणि पेरलेले उगवेल कशावरून, याची चर्चा होत नाही.

बाबासाहेबांच्या नजरेतून मात्र हा विषय सुटला नव्हता. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावातल्या लोकांना जातपात न पाहता कसायला द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच उरू नये, हे त्यातले म्हणणे आपण भाषणांत सांगतो. त्याच कलमांत पुढे आणखी एक गोष्ट आहे. या सामुदायिक शेतीला पाणी, जनावरे, अवजारे, खत आणि बियाणे पुरवण्याचे बंधन राज्यावर घातले आहे. नुसती जमीन दिली आणि बियाणे सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या हाती ठेवले, तर जमीन कागदावरच राहते, हे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून या लेखात आम्ही बियाण्यावर बोलणार आहोत. तेही लासुर्णे परिसरात राहून, काम करून जे दिसले त्याच्या आधारावर.

आधी शास्त्र समजून घेऊ, कारण शास्त्र सोडून केलेला युक्तिवाद बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. धान्य आणि बियाणे दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत. धान्य खायचे असते, त्यातला अंकुर मेला तरी भाकरी होते. बियाणे मात्र जिवंत असावे लागते. ते पोत्यात पडून असतानाही श्वास घेत असते. ओल आणि उष्णता वाढली की हा श्वास वाढतो, आतला साठा जळतो, बुरशी आणि कीड लागते आणि बी वरून टपोरे दिसत असले तरी आतून मरते. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाने यासाठी एक ठोकताळा दिला. साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या दरम्यान बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी केला तर त्याचे साठवणीतले आयुष्य दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले तरीही ते दुप्पट होते. हिशेब करून पाहा. १४ टक्के ओलाव्याचे बी उन्हात नीट वाळवून १० टक्क्यांवर आणले, तर त्याचे आयुष्य सोळापट होते. त्यासाठी यंत्र लागत नाही, कंपनी लागत नाही. ऊन, अंगण आणि माहिती लागते.

आपल्या देशात प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवणशक्ती ठरवून दिलेली आहे. गहू आणि हरभरा ८५ टक्के, ज्वारी, बाजरी आणि तूर ७५ टक्के, सोयाबीन ७० टक्के. ओलाव्याचीही मर्यादा आहे. ज्वारी, बाजरी, गव्हाला १२ टक्के, हरभऱ्याला ९ टक्के. सोयाबीनचा आकडा सर्वांत कमी आहे, कारण त्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर अगदी कडेला असतो. मळणीयंत्र जोरात फिरले, पोते उंचावरून आपटले, थप्पी जास्त उंच लावली, तरी त्याला मार बसतो.

आता ही माहिती घेऊन इतिहासात जाऊ.

बलुत्याबद्दल आपण वाचलेले आहे. पण बलुत्यात नेमके कोणते धान्य मिळायचे, हे आमच्या आजीच्या पिढीकडून ऐकावे. रास भरून उचलली की खळ्यावर मातीत मिसळलेले जे उरायचे, ते मातेरे महारवाड्यात यायचे. जमिनीत खोल खणलेल्या पेवात धान्य साठवायचे. पेव उघडले की मधले चांगले धान्य वाड्यात जायचे. तळाचे आणि कडेचे, ओल लागून काळे पडलेले, वास मारणारे धान्य आमच्या वाट्याला यायचे. पेवात पहिल्यांदा उतरायला कोणाला पाठवायचे, हेही ठरलेले असायचे. बंद पेवात धान्य श्वास घेऊन प्राणवायू संपवते, म्हणून आत उतरणारा गुदमरू शकतो. कीड मारणारा हाच गुण आज हवाबंद पिशव्यांत आणि पिंपांत वापरतात. पेवाचे शास्त्र खरे होते. त्याचा फायदा एका जातीला आणि धोका दुसऱ्या जातीला, ही त्याची समाजरचना होती.

खळ्यावर होणारी ही प्रतवारी नीट लक्षात घ्या. निवडून ठेवलेले टपोरे कणीस, उन्हात वाळवलेले, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवलेले ते बियाणे. मातीतून झाडून घेतलेले, ओल लागलेले ते बलुते. म्हणजे ज्या धान्यात उगवण्याची ताकद उरलेली नाही, नेमके तेच आमच्या पदरात टाकले जायचे. ते खाऊन जगता येत होते, पेरून उभे राहता येत नव्हते. महार वतनाच्या जमिनी होत्या, पण तुकड्या-तुकड्यांच्या, आणि बियाण्यासाठी पुन्हा वाड्यापुढे हात पसरायचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. जमिनीचा प्रश्न अशा रीतीने चळवळीने रस्त्यावर आणला. बियाण्याचा प्रश्न खळ्यावरच राहिला.

आज लासुर्ण्यात खळी उरलेली नाहीत. नीरा डावा कालवा आला, ऊस आला, कारखाने आले. या उसाकडे पाहिले की बियाण्याची गुणवत्ता कशी सांभाळतात ते कळते. उसाचे बी म्हणजे बेणे. ते साठवता येत नाही, तोडले की लगेच लावावे लागते. म्हणून त्यासाठी वेगळे बेणेमळे असतात. दहा-अकरा महिन्यांचेच बेणे घ्यावे, त्याला उष्ण हवेची प्रक्रिया करून रोग काढावा, पायाभूत बेण्यापासून पुढचे बेणे वाढवावे, तीन-चार वर्षांनी बदलावे, अशी शिस्त ठरलेली आहे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून हे काम करते आहे. को ८६०३२ ही तिथून प्रसारित झालेली जात ‘नीरा’ या नावाने या नदीकाठी घरोघर माहीत आहे. संशोधन केंद्र, कारखाना, गटऑफिस, बेणेमळा, सभासद, अशी अख्खी साखळी बेण्याच्या मागे उभी आहे, कारण त्या बेण्यातून साखर निघते आणि साखरेतून सत्ता.

आता त्याच गावात वाट्याने एक-दीड एकर कसणाऱ्याच्या बाजरीमागे, तुरीमागे, सोयाबीनमागे कोण उभे आहे? बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगावला २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला तर महात्मा फुल्यांचे नाव आहे आणि तिथले वाण ‘फुले’ नावानेच बाजारात येतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांचे नाव बियाण्याच्या पिशवीवर आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, कारखान्याचा शेअर नाही, सोसायटीचे सभासदत्व नाही, त्याच्यापर्यंत हे संशोधन पिशवीच्या रूपानेच पोचते, ज्ञानाच्या रूपाने पोचत नाही.

याचे एक उदाहरण देतो. आमच्या कामाच्या भागातली एक मावशी, नवरा वारलेला, दीड एकर वाट्याने करते. एका खरिपात तिने उधारीवर सोयाबीनच्या दोन पिशव्या आणल्या. पाऊस झाल्यावर पेरले. आठ दिवसांनी शेतात तिफणीच्या ओळीच दिसत नव्हत्या, कुठेतरी एखादे रोप. दुकानदार म्हणाला, “खोल पेरलं असंल तुम्ही.” बिल मागितले तर कच्ची चिठ्ठी होती. पिशव्या आणि त्यांचे टॅग चुलीत गेले होते. तक्रार लिहायला बसलो तर सातबारा मूळ मालकाच्या नावावर, आणि मालक सही करेना, कारण त्याचेही खाते त्याच दुकानात. मावशी म्हणाली, “बाळा, माणूस मेलं तर पंचनामा व्हतो. बी मेल्यावर कुणी येत न्हाई.” बचत गटातून पैसे उचलून तिने दुबार पेरणी केली. त्या वर्षी तिच्या मुलीची कॉलेजची फी थांबली.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही ‘संसाधनांचे असमान वाटप’ हा शब्दप्रयोग पुष्कळदा लिहिला होता. त्याचा अर्थ या दीड एकरात दिसतो. मोठ्या बागायतदाराचा एक प्लॉट उगवला नाही तर त्याचे नुकसान होते. मावशीचा उगवला नाही तर तिच्या घरातले एक शिक्षण थांबते. बियाण्याची उगवणशक्ती आणि आपल्या मुलींची पटसंख्या यांचा असा सरळ संबंध आहे.

आणि हा एकटीचा प्रश्न नव्हे. २०१९ च्या परतीच्या पावसात सोयाबीन काढणीलाच भिजले. त्याचा परिणाम २०२० च्या जूनमध्ये दिसला. राज्यभर पेरलेले सोयाबीन उगवले नाही, हजारोंनी तक्रारी आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. म्हणजे प्रमाणपत्र लावलेली पिशवीही परीक्षेपलीकडची नसते.

कायदा आपल्या बाजूने बराच आहे, तो माहीत हवा. १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर उगवणशक्ती छापणे बंधनकारक आहे. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, पांढरा पायाभूत बियाण्याचा. हिरवट लेबल असेल तर तो विक्रेत्याचा स्वतःचा दावा आहे, त्याचे प्रमाणीकरण झालेले नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपले बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने ते विकता येत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले की बियाणे निकृष्ट निघाले तर शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. पण हे हक्क वापरायला पक्के बिल लागते, टॅग लागतो, पिशवीतले मूठभर बी शिल्लक ठेवावे लागते. वाटेकऱ्याकडे नेमके हेच नसते.

यावर दोन बाजूंनी उत्तरे येतात आणि दोन्ही आम्हाला मान्य नाहीत.

पहिले उत्तर जुन्या गावाच्या प्रेमात पडलेल्यांचे. कंपन्या वाईट, म्हणून पुन्हा देशी बियाण्याकडे, कणगीकडे, गावगाड्याकडे चला, असे ते म्हणतात. देशी वाणांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी आजही आमच्या भागात पेरली जाते. शास्त्रज्ञांनी निवड केली, पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कणसे निवडणारे हात बायकांचे होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातल्या, कधी शाळेत न गेलेल्या बाईने शेकडो गावरान वाण जपले आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. त्यांचा अभिमान आहे. पण त्यांनी बी जपले म्हणून खळ्यावरची प्रतवारी चांगली ठरत नाही. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्याच्या उदात्तीकरणाची जी चिरफाड केली, ती आपण विसरू शकत नाही. पेवात कोण उतरत होते, हे ज्याला आठवते त्याने पेवाच्या आरत्या ओवाळू नयेत. आणि जुने ते सगळे चांगलेच असते असेही नाही. मक्यासारख्या संकरित पिकाचे घरचे बी पुढच्या वर्षी तसे उत्पन्न देत नाही, हेही शास्त्रच सांगते.

दुसरे उत्तर आपल्याच तरुणांचे. शेतीत काय ठेवले आहे, एमआयडीसीत जा, पुण्याला जा, शिका आणि बाहेर पडा. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवला पाहिजे असेच मांडले होते, हे आम्हाला माहीत आहे. पण त्यांनी त्याच निबंधात हेही मांडले की नुसते क्षेत्र लहान की मोठे यावर काही ठरत नाही, त्या क्षेत्राला भांडवल आणि साधने किती मिळतात यावर ठरते. जी मावशी आज दीड एकर कसते आहे, तिने उद्या पुण्याला जाईपर्यंत मेलेले बी पेरत राहावे काय?

आमचे म्हणणे तिसरे आहे. प्रयोगशाळेचे ज्ञान सर्वांत तळाच्या माणसाच्या हातात आले पाहिजे. उगवणशक्तीची तपासणी घरी होते. पोत्यातून वरचे, मधले, तळाचे असे मिसळून शंभर दाणे घ्यायचे. भिजवून पिळलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सोयाबीनचे सत्तर भरले तर एकरी तीस किलोने पेरायचे, थोडे कमी भरले तर त्या मानाने बी वाढवायचे, फारच कमी भरले तर पेरायचेच नाही. तसेच सोयाबीनसारख्या सरळ वाणाचे प्रमाणित बी एकदा घेतले की पुढची दोन वर्षे घरचे बी वापरा, असे कृषी खातेच सांगते.

म्हणजे पिशवीचा खर्च वाचू शकतो. मग आपली माणसे बी का राखत नाहीत? याचे उत्तर शोधायला आम्ही वस्तीत फिरलो आणि ते डोक्यावरच सापडले. पत्रा. एका खोलीचे पत्र्याचे घर, एप्रिल-मे मध्ये भट्टी, जुलैमध्ये भिंतीला ओल. त्याच खोलीत चूल, पाण्याचे पिंप, मुलांची दप्तरे. हॅरिंग्टनचा ठोकताळा इथे लावून बघा. बागायतदाराचे बी गोदामात फळ्यांवर, भिंतीपासून लांब, सावलीत. मावशीचे बी पत्र्याखाली. बी एकच, वाण एकच, आयुष्य वेगळे. बियाण्यालाही घर लागते आणि घर कोणाला मिळते हे या देशात जातीने ठरत आलेले आहे.

मावशीचे घर एका वर्षात पक्के होणार नाही. पण वस्तीत एक पक्की वास्तू आहे, आपले बुद्धविहार. त्याची एक सावलीची खोली वर्षातले सात-आठ महिने रिकामीच असते. यंदा आम्ही तिथे फळ्या टाकून, झाकणाची पिंपे ठेवून काही घरांचे बी ठेवले. आत जाण्यापूर्वी दाताखाली दाणा फोडून आणि नंतर ओलावामापकाने पाहिले. ओल्या बियाला पिंपात बंद केले तर ते लवकर सडते. खते आणि औषधे त्या खोलीत आणायची नाहीत, हा नियम. पेरणीआधी वंदना झाल्यावर मुलांनीच गोणपाटावर दाणे लावले. एका पोत्याचे ८२ कोंब आले, दुसऱ्याचे ५४. दुसरे पोते डाळीला गेले. एक पेरणी वाया जाण्यापासून वाचली, शंभर दाण्यांच्या खर्चात.

कोणी विचारेल, विहारात बियाणे कशाला? दीघ निकायातले कूटदंत सुत्त वाचा. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो आणि राज्यात लूटमार माजलेली असते. पुरोहित त्याला सांगतो की शिक्षा देऊन हे थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बी आणि चारा दे, व्यापाऱ्यांना भांडवल दे, सेवकांना वेतन दे. तथागतांनी सांगितलेल्या या कथेत राज्याचे पहिले काम बी देणे हे आहे. आणि कालामांना त्यांनी सांगितले की परंपरेने आले, ग्रंथात आहे, मोठा माणूस सांगतो, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळून पाहा. पिशवीवर काय छापले आहे ते वाचा आणि मग शंभर दाणे लावून पाहा, हे त्याच शिकवणीतले आहे.

तरुण मित्रांनो, काम छोटे आहे आणि मागण्या मोठ्या आहेत. काम असे की मे महिन्यात प्रत्येक विहारात एक उगवण तपासणी घ्या, पक्के बिल आणि टॅग जपायची सवय लावा. मागण्या अशा की बियाण्याच्या तक्रारीत वाटेकऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने उभे राहता आले पाहिजे. समाजकल्याणच्या निधीतून वस्त्यांमध्ये बियाणे साठवणीच्या खोल्या बांधल्या पाहिजेत. कृषी विज्ञान केंद्रांची प्रशिक्षणे बागायतदारांच्या मळ्याइतकीच आपल्या वस्तीत झाली पाहिजेत. आणि बाबासाहेबांनी १९४७ मध्ये राज्यावर टाकलेली बियाण्याची जबाबदारी राज्याने घेतली पाहिजे.

मातेरे झाडून घेण्याचे दिवस आपल्या आजोबांनी संपवले. आता जे बी आपल्या ओंजळीत येते ते जिवंत आहे की मेलेले, हे मोजून घ्यायचे आहे.

जय भीम!